दोना झुल्मीराची कॉफीची गाडी

मोन्तेस क्लारोस, ब्राझील
सोमवार, १४ ऑगस्ट १९९५

प्रिय मर्लीन,

माझं पत्र बघून तू आधी पाकीट उलटून पाहशील, की चुकून तर आलं नाही ना. नाही, तुलाच आहे. तू आणि टॉम बरे असाल. मी बरा आहे. इथे सध्या हिवाळा म्हणतात, पण तो नावालाच. पावसाचा पत्ता नाही आणि धूळ इतकी, की पांढरा शर्ट दुपारपर्यंत आपल्या बटाट्याच्या गोणीसारखा होतो.

सोमवार आमचा मोकळा दिवस. कपडे धुवायचे, सायकली पुसायच्या, घरी पत्रं लिहायची. आईला लिहिलं की ते सगळ्या मंडळीला लिहिल्यासारखंच. ती प्रती काढून चर्चमध्ये वाटते, आणि बाबा एखादं रविवारी उभं राहून वाचूनही दाखवतात. तू चर्च सोडलंस, त्यामुळे तुझ्याकडचं पत्र मात्र तिथलं कोणी मागायला येणार नाही. हे लागेल तुला. पण खरं सांगायचं तर म्हणूनच तुला लिहितोय.

मी धर्मप्रचाराला इकडे निघालो, त्या निरोपाच्या जेवणाला तू बॉयसीहून आलीस तेव्हा मी तुला म्हणालो होतो, 'तो कॉफीचा थर्मास गाडीतच ठेव, चर्चला कॉफी चालत नाही, आज घरात नको.' बाहेर जाऊन गाडीत बसून प्यायलीस. मी खिडकीतून बघत होतो आणि मला चक्क बरं वाटलं होतं.

इथे मी आता वरिष्ठ सोबती आहे. आम्ही प्रचारक कायम दोघं-दोघं असतो, त्यातल्या वरिष्ठाचा शब्द शेवटचा. माझा सोबती एल्डर नोगेरा, फोर्तालेझाचा (इथे प्रत्येक प्रचारकाच्या नावाआधी एल्डर लागतं). घरच्यांशी भांडून मिशनवर आलाय, त्याला घरून पत्र येत नाही. बुटका, हसरा, आणि माझ्यापेक्षा लोकांना कितीतरी जास्त आवडणारा.

बस स्टँडबाहेर दोना झुल्मीरा (दोना म्हणजे इथे 'बाई') नावाची एक विधवा हातगाडीवर कॉफी विकायची. पहाटे निघणारे ड्रायव्हर, हमाल, सगळे तिच्याकडेच. आम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "पोरांनो, एवढ्या उन्हात टाय बांधून कोणाच्या लग्नाला निघालात?" कॉफी घेत नाही म्हटल्यावर ती आमच्यासाठी घरून पेरूचं सरबत आणायला लागली. मग आमचं ऐकायलाही लागली. स्वतःची कॉफी सोडली तेव्हा तिचं डोकं इतकं दुखायचं, की कपाळाला फडकं बांधून बसायची. तरी नेटाने सोडली.

बाप्तिस्म्याच्या आधीच्या आठवड्यात तिने विचारलं, "मी पीत नाही आता. पण विकते. ते चालतं का?"

नोगेराने तोंड उघडलं. तो म्हणणार होता की मिशनच्या अध्यक्षांना विचारून सांगतो. मी त्याला बोलू दिलं नाही. म्हणालो, "जे स्वतः पिणं चूक, ते दुसऱ्याला पाजणं बरोबर कसं?" मला नियम ठाऊक नव्हता, मर्लीन. वाक्य मात्र छान जमलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी, थर्मास, जागा, सगळं क्लेदे नावाच्या शेजारणीला देऊन टाकलं. आता ती एका हॉटेलच्या चादरी धुते. बाप्तिस्मा मीच दिला. घरी लिहिलं की इथे एका गरीब बाईने देवासाठी आपला धंदा सोडला. बाबांनी ते सभेत वाचलं आणि लोकांचे डोळे पाणावले, असं आईने कळवलं.

गेल्या महिन्यात अध्यक्ष इथे आले, तेव्हा मी त्यांना ही हकिकत मोठ्या अभिमानाने सांगितली. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, आपण कॉफी पीत नाही, पण ती विकून पोट भरणाऱ्याला धंदा सोडायला लावावा असं कुठेही म्हटलेलं नाही. मग त्यांनी नोगेराला आत बोलावून खडसावलं. सप्टेंबरात तो वरिष्ठ सोबती होणार होता, ते आता होणार नाही. असो.

माझ्या सायकलची साखळी परत तुटली. बाबांना सांग, त्यांनी दिलेला पाना फार उपयोगी पडतो. तसं तुमचं बोलणंच होत नाही म्हणा.

परवा शनिवारी मला राहवलं नाही. नोगेराला घेऊन दोना झुल्मीराकडे गेलो. ती अंगणात चादरी पिळत होती, हात कोपरापर्यंत लाल. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की तसा काही नियम नव्हता.

"म्हणजे देवाला हवं नव्हतं ते?"

"नव्हतं."

"मग कोणाला हवं होतं?"

मी म्हणालो, "मला."

ती पिळतच राहिली. मग नोगेराकडे बोट करून म्हणाली, "हा सांगत होता मला. त्या दिवशी तू पुढे जाऊन सायकलचं कुलूप काढत होतास, तेव्हा दारात हळूच म्हणाला, दोना झुल्मीरा, गाडी सोडू नका, मी आधी विचारतो. मीच म्हटलं, तू धाकटा आहेस, त्या उंच पोराला जास्त कळत असेल."

"आता क्लेदेकडून गाडी परत मागता येईल का?" मी विचारलं.

"तिची तीन पोरं त्या गाडीवर जेवायला लागलीत. कुठल्या तोंडाने मागू?" ती म्हणाली. "तू एक काम कर. पुढच्या वेळी कोणी काही विचारलं आणि माहीत नसेल, तर माहीत नाही म्हण. एवढंच."

तिने आम्हाला शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने घरी आलो असतो. तिने सरबत दिलं.

आता, वर एक गोष्ट मी चलाखीने लिहिली आहे. अध्यक्षांनी नोगेराला खडसावलं असं लिहिलं, पण का, ते लिहिलं नाही. त्यांनी मला विचारलं होतं, "हे तिला कोणी सांगितलं?" आणि मी म्हणालो, "नोगेराने." विचार करायलाही थांबलो नाही. नाव कसं जिभेवर तयारच होतं. तो बाहेर बाकावर बसून माझीच वाट बघत होता. आत गेला, ऐकून घेतलं, बाहेर आला, आणि आम्ही सायकलवरून घरी आलो. त्या संध्याकाळी त्याने स्वतःच्या शर्टाबरोबर माझाही शर्ट इस्त्री केला.

शनिवारी परत येताना मी त्याला विचारलं, "तू अध्यक्षांसमोर गप्प का राहिलास?"

तो सायकल हातात धरून चालत होता. म्हणाला, "मला वाटलं, तू सांगशील."

मला लाज वाटते, मर्लीन. घरात बसून लोकांचे डोळे पाणावल्याचं वाचतो आणि वर बघवत नाही. तुला गाडीत बसवलं त्याचीही वाटते. तेव्हाही मला काही माहीत नव्हतं, फक्त खात्री होती.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन आहे. हे पाकीट घेऊन आम्ही दोघं निघतोय. टपालपेटी दुकानाच्या पलीकडे आहे. आधी अध्यक्षांना फोन करून सगळं सांगायचं, नोगेरा शेजारी उभा असताना, आणि मगच पत्र पेटीत टाकायचं, असं मी ठरवलं आहे. फोन झाला नाही तर पत्र खिशातच राहील. ते मला कदाचित घरी पाठवतील. तेव्हा हे तुझ्या हातात पडलं असेल तर समज, की मी नाव माझं सांगितलं.

तुझा धाकटा भाऊ,
रेक्स
(पाकिटावर एल्डर थर्गुड लिहावं लागतं. तू उत्तर दिलंस तर नुसतं रेक्स लिही.)