गणिताच्या मास्तराची एकच जागा

देसे, इथिओपिया
१२ फेब्रुवारी १९७७

ती. अक्कास,
रंगनाथचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं जानेवारीतलं पत्र परवा हातात पडलं. पालमला बदली झाल्यापासून तुझं अक्षर सुधारलंय, असं कुसुम म्हणते. पोरांच्या पाट्या तपासून सुधारलं असेल, असं मी म्हणालो. आईच्या गुडघ्यांचं मात्र तू याही वेळी लिहिलं नाहीस. विसरलीस, की मुद्दाम गाळलंस?

इथलं काय सांगू. राजधानीत या महिन्यात पुन्हा गोळ्या चालल्या. आमचं गाव तिथून लांब आहे, पण वर्गात हजेरी घेताना कळतं. मी नाव पुकारतो, उत्तर येत नाही, बाकीची पोरं खाली बघतात, आणि मी पुढचं नाव घेतो. मास्तरानं विचारायला हवं, की हा पोरगा कुठं गेला. मी विचारत नाही. भीती वाटते. हे मोकळेपणानं लिहितोय, कारण मराठी वाचणारा माणूस इथल्या पोस्टात अजून तरी नाही.

दोन वर्षांसाठी म्हणून आलो, त्याला आता नऊ वर्षं होतील. बाबा गेले तेव्हा पोचता आलं नाही. आपल्या धाकट्या मुंजाजीला मी शेवटचं पाहिलं तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आमची सुजाता इथंच जन्मली. तिला इथलं आंबूस धिरडं आवडतं आणि भाकरी बघितली की ती तोंड वाकडं करते. तिच्या आजीला हे कळवू नको.

माझा करार जुलैत संपतोय. राहावं की यावं, काही सुचत नाही. तिकडे आणीबाणी झाली, आता निवडणूक, पुढं काय होईल कुणी सांगावं. सरकारी नोकरीचं माझं वय उलटून गेलंय. रिकाम्या हातानं आलो तर बायको-पोरीसकट तुझ्याच गळ्यात पडणार, आणि तुझ्यावर आधीच दोन माणसांचा भार टाकून मी इथं बसलोय. गंगाखेड-परभणीकडे गणिताच्या मास्तराची एखादी जागा दिसली तर कळव. तू थोरली आहेस, तू म्हणशील तसं करू.

आईला जयभीम. धाकट्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
रंगनाथ

---

पालम
२७ मार्च १९७७

चि. रंगनाथ,
अक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आईला वाचून दाखवताना गोळ्यांचा मजकूर गाळला. तिच्या गुडघ्यांचं सांगायचं तर उठता-बसता कण्हते, पण शेजारणीशी भांडायला चालत जाते. म्हणजे बरी आहे.

इकडे दिल्लीचं सरकार बदललं. आम्हा मास्तर मंडळींच्या मागचं नसबंदीच्या केसेस आणण्याचं शुक्लकाष्ठ सुटलं, एवढं मला कळतं. नवे लोक कसे निघतात ते बघायचं. कुणी भाव उतरतील म्हणतं, कुणी हेही सरकार टिकायचं नाही म्हणतं.

आता मुद्द्याचं. गंगाखेडला एक नवी शाळा निघाली आहे. तिचे सचिव व्यंकटराव बाबांना ओळखत असत. त्यांच्याकडे गणिताची एक राखीव जागा आहे आणि खाजगी संस्था असल्यानं वयाची अडचण ते निभावून नेणार आहेत. मुलाखती मे महिन्यात आहेत. तू येतोस असं पक्कं कळवलंस तर मुलाखतीआधी जाऊन मी तुझे कागद ठेवीन, ते जागा तुझ्यासाठी धरून ठेवतील.

आणखी एक. हे तुला कळवायचं नाही असं मुंजाजीनं मला बजावलंय, पण मला राहवत नाही. त्यानं याच जागेसाठी अर्ज केला होता. बी.एड. होऊन त्याला दोन वर्षं झाली, अजून हाताला काम नाही. तू विचारतोयस हे ऐकलं त्याच दिवशी तो एस.टी.नं गंगाखेडला गेला आणि अर्ज मागं घेऊन आला. दादानं मला शिकवलं, दादाच्या ताटातलं मी ओढू का, असं म्हणाला. मी त्याला अडवलं नाही. माझ्या मनातही तूच यावास असं होतं, खोटं कशाला बोलू.

आईनं तर तू येणार असं गावभर करून टाकलंय. बुद्धपौर्णिमेला आपल्या पेडगावच्या जुन्या घरी जायचं, घर नीट करून ठेवायचं, असा तिचा हुकूम आहे.

कुसुमला आशीर्वाद, सुजाताला पापा. लवकर कळव आणि आमची आठवण कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का

---

देसे
१४ एप्रिल १९७७

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

आज जयंती. आम्ही तिघांनीच बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. सुजातानं वंदना पाठ म्हटली, उच्चार तिच्या पद्धतीचे.

तुझं पत्र आलं आणि दुसऱ्याच दिवशी इथल्या हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. माझा करार दोन वर्षांनी वाढवलाय, पगारही वाढवलाय. अशी संधी सोडणं बरं नाही. देशात सारं स्थिरस्थावर झालं की मग बघू. तेव्हा मी येत नाही. मुंजाजीला ताबडतोब व्यंकटरावांकडे पाठव. गणितात तो माझ्यापेक्षा तयार आहे, फक्त मुलाखतीत घाईनं बोलतो, त्याला सावकाश बोलायला सांग.

आईला तुझ्या रीतीनं समजाव. तिच्यासमोर हे वाक्य बोलायचं काम मी तुझ्यावर ढकलतोय, याची लाज वाटते.

रागावलीस तरी मायेची पाखर काढून घेऊ नकोस.

तुझा,
रंगनाथ

---

पालम
५ जून १९७७

चि. रंगनाथ,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

महिनाभर पत्र लिहायला घेते आणि ठेवून देते.

तुझं पत्र एप्रिलच्या अखेरीस आलं. त्या वेळी आई पेडगावला निघायची तयारी करत होती. खिरीसाठी गहू कांडून ठेवले होते. नऊ वर्षांनी मी तिला गुणगुणताना ऐकलं. मला वाटलं, पौर्णिमा होऊ दे. खीर वाटू दे तिला, चार बायकांत मिरवू दे, मग सांगू. मुलाखती मेच्या मध्यावर आहेत असं माझ्या डोक्यात होतं. तुझे कागद द्यायला जाणार होते, पण तू येणार नाहीस म्हटल्यावर तिकडे फिरकलेच नाही, त्यामुळे तारीख अलीकडे आल्याचं मला कळलंच नाही. ते पत्र मी ट्रंकेत घातलं आणि मुंजाजीलाही सांगितलं नाही, कारण त्याला सांगितलं की त्याच्या तोंडावरून आईला कळलं असतं.

मुलाखत पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, सोमवारी झाली. तुझ्याकडून पक्कं काही आलं नाही आणि मुंजाजीचा अर्ज मागं घेतलेला, त्यामुळे व्यंकटरावांनी परळीकडच्या एका मुलाला घेतलं. त्यांची काही चूक नाही. त्या सोमवारी मुंजाजी पेडगावच्या घरात, तू येणार म्हणून, भिंतींना चुना लावत होता. मी खाली उभी राहून त्याला बादली देत होते, रंगनाथ. मला सगळं माहीत होतं आणि मी बादली देत होते.

त्यानं सांगू नको म्हटलेलं मी तुला सांगितलं आणि तू सांग म्हटलेलं दाबून ठेवलं. दोन्हीकडून त्याचंच गेलं. हे सांगितल्यावर तो शिकवण्या शोधायला निघून गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तोंड उघडत नाही.

मी थोरली म्हणून तू विचारलंस आणि मी असा थोरलेपणा केला. जमलं तर माया ठेव.

अक्का

---

पालम
११ जून १९७७

ती. दादांस,
मुंजाजीचा सविनय जयभीम. वि. वि.

अक्कानं तुम्हाला पत्र टाकलंय, तिला बोल लावू नका. ती जेवत नाही. मी सध्या दोन शिकवण्या धरल्यात, चाललंय.

एक मात्र मनात आहे, ते लिहितो. नोकरी गेली त्याचं मला इतकं लागलं नाही. तुम्ही येणार नाही हे कळल्यावर जास्त लागलं. करार वाढला, पगार वाढला, ठीक आहे. पण इतक्या गोळ्यांत तुम्हाला तिथं बरं वाटतं आणि आमच्यात बरं वाटत नाही, हे मला समजत नाही. लहान तोंडी मोठा घास झाला, माफी असावी.

आईला शेवटी मीच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तुमी कागद वाचायलाव, मला माझं लेकरू ठावं हाय, त्यो यायलाय. मी खूप समजावलं, पण ती ऐकत नाही. पेडगावची किल्ली तिनं कमरेला लावून ठेवली आहे.

वहिनींना जयभीम. धाकट्याला पदरात घ्यावं.

तुमचा,
मुंजाजी

---

देसे
३ जुलै १९७७

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं आणि मुंजाजीचं, दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. कुसुम म्हणाली, आता तरी खरं लिहा. ती एप्रिलपासून माझ्याशी धड बोललेली नाही.

माझा करार वाढलेला नाही. हेडमास्तरांनी बोलावलं होतं ते परदेशी मास्तरांना आता ठेवणार नाही हे सांगायला. मुंजाजीनं अर्ज मागं घेतला हे तू लिहिलं नसतंस तर मी आनंदानं होकार कळवला असता. ते वाचल्यावर मला दुसरं काही सुचलं नाही. मी बेकार होऊन येतोय म्हटलं असतं तर तो त्या मुलाखतीला मेला तरी गेला नसता. म्हणून पगार वाढल्याची थाप मारली. जागा एकदा त्याला मिळाली की मग खरं सांगू, असा बेत होता. तू तुझी पौर्णिमा धरून बसलीस आणि मी माझा बेत. मी खरं लिहिलं असतं तर निदान आपल्या घरातल्या एकाला तरी ती जागा मिळाली असती. तू एकटीनं दोष घेऊ नकोस, निम्म्याहून अधिक माझा आहे.

आम्ही तिघं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला उतरतोय. तिथून रेल्वेनं परभणी. आल्यावर काय करणार, ठाऊक नाही. कुसुम शिवण शिकली आहे. मी शिकवण्या घेईन म्हणणार होतो, पण त्या मुंजाजीनं धरल्यात, तिथंही मी त्याच्याच आड येणार.

आईला नव्यानं काही सांगू नकोस, तिचं बरोबर होतं. मुंजाजीला मात्र हे पत्र पूर्ण वाचायला दे. त्याला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नये, मी समजेन.

एकच विनंती. परभणी स्टेशनवर त्याला पाठवू नकोस. तो येईल, पाया पडेल आणि सगळ्यांत जड पेटी स्वतः उचलेल. ते मला बघवणार नाही.

राग खुशाल धर, घराचं दार तेवढं लावू नकोस.

तुझा,
रंगनाथ