लाईट गेली तरी

रविवार, संध्याकाळ

जिंकले! दादाच्या मते माझा टीव्हीला जोडायचा नवा मिनी व्हिडिओ गेम म्हणजे खेळणं. कॅसेट नाही, ती चालेना म्हणून फुंकर मारणं नाही, गेम आतच भरलेले. वर सेव्ह करून खेळणं म्हणजे चीटिंग. व्हय का? लहानपणी वैजापुरात जुन्या गेममध्ये मी शेवटच्या राक्षसापाशी पोचले की हमखास लाईट जायची आणि हा टाळ्या वाजवायचा. आज उस्मानपुऱ्यात, माझ्या घरात, राक्षस समोर आला आणि लाईट गेली. पुन्हा टाळ्या! मी गुपचूप चहा टाकला. राक्षसाच्या दारातच सेव्ह केलं होतं, ते कशाला सांगू? लाईट आली, तिथूनच पुढे सुरू केलं. तिसऱ्या फटक्यात राक्षस आडवा! लई बरं वाटलं.

मग दादा हळूच म्हणाला, "मंगे, मला पण तिथूनच लावून दे."

"नाय दादा. तू पहिल्यापासून खेळ."