मागून येणारी झील

८ जाने., गुरुवार. दौंड
पाटसला जाऊन आले. पाठ धरलीय. बिरा आबांच्या गळ्यात गाठ निघाली. मंगळवारी ऑपरेशन, इथंच दौंडला. नंतर आवाज असाच राहील, याची खात्री डॉक्टर देत नाहीत. त्याआधी आबांची धनगरी ओवी पूर्ण रेकॉर्ड व्हावी, ही त्यांच्या सुनेची, मंगलची इच्छा. मी हो म्हणून बसले. पुण्याच्या ऑडिओवाल्यांनाही हवीय, त्यांची मुदतही मंगळवारच. मुदत म्हटली की नकार निघत नाही तोंडातून. पेपरातल्या नोकरीची जुनी खोड.
ढोल गाणं खाऊन टाकतो म्हणून तो आधी वेगळा घेतला. आबांनी तो हेडफोनवर ऐकत गायचं. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर, त्यांवर गाणी. दोनदा पुसून परत घेतलं.

९ जाने., शुक्रवार
वैताग. आबा एक ओळ म्हणतात, थांबतात. ढोल पुढं चाललेला. परत एक ओळ, परत थांबले. वाटलं, विसरतायत. मंगलला राग आला. "आबा झोपंत बी इसरत न्हाईत वो!"
शेवटी त्यांनाच विचारलं.
"मागचा झील धरतोय न्हवं? त्याचं संपल्याबिगर म्या फुडली वळ कशी उचलू?"
मागं कुणीच नव्हतं. झील धरणारे, म्हणजे मागून ओळीचं शेपूट उचलणारे सोपानमामा, आबांचे जन्माचे जोडीदार, दिवाळीत वारले.
हेडफोन लावून हॅलो म्हटलं. माझंच हॅलो मागाहून कानात आलं. आवाज माइकमधून लॅपटॉपमध्ये, तिथून फिरून हेडफोनमध्ये, तेवढा उशीर. आबांना तो मागचा माणूस वाटला.

१० जाने., शनि.
शिरूरच्या बाळूला फोन. भाच्याचा मित्र, बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. "काकू, लॅपटॉपच्या साध्या ड्रायव्हरवर गाणं घेताय? बैलगाडीनं दूध धाडताय, नासणारच की. एएसआयओ ड्रायव्हर टाका आन् बफर उतरवा."
एएसआयओ म्हणजे आवाजाला थेट रस्ता, बफर म्हणजे ओंजळ. लॅपटॉप ओंजळभर आवाज साठवतो, मग पुढं सोडतो. ओंजळ लहान केली की आवाज लवकर येतो. फारच लहान केली तर लाह्या फुटल्यासारखी तडतड. वायफाय बंद, अँटिव्हायरस बंद, ओंजळ जराशी मोठी. दिवस त्यात गेला. संध्याकाळी जमलं, हॅलो ओठांतून निघालं की कानात. डोळे चुरचुरतायत. जेवण नको.

११ जाने., रवि.
पाटस. उशीर नाही, तडतड नाही. आबांनी सुंबरान मांडलं, ओवीआधीचं देवाचं स्मरण, सलग तीन ओळी म्हटल्या. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
"मागचा गेला कुठं?"
सांगितलं, आबा, तो तुमचाच आवाज होता, मशीनमधून उशिरा यायचा. काल दुरुस्त केलं.
आबा हसले, हसता हसता खोकला लागला. "म्हंजी म्याच माझी झील धरीत हुतो? मंगे, ऐकलं का! फुकटात माणूस घावला हुता, बाईंनी हाकलला."
मंगल हसली नाही.
थोड्या वेळानं आबा म्हणाले, "एकट्यानं ओवी व्हत न्हाई, बाई. दम घ्यायचा कवा? बोलवा त्याला माघारी."
शनिवार वाया. जुना ड्रायव्हर लावला. आबा गायले. प्रत्येक ओळीनंतर थांबून, मान हलवत, मागच्याला वाट देत. उन्हं उतरेपर्यंत. शेवटी आवाज फाटला तरी सोडलं नाही. ओवी पूर्ण.
घरी येऊन ऐकलं. झील त्यांच्या कानात होती, फायलीत नाही. ओळ संपली की नुसता ढोल.

१२ जाने., सोम.
पुण्याहून निरोप: गाणं उत्तम, रिकाम्या जागा कापून पाठवा, ऐकणारा थांबत नाही. अर्ध्या तासाचं काम. लोकांच्या बातम्या कापण्यात उमर गेली, आज माउसवर हात ठेवून नुसती बसले. शेवटी आबांना फोन.
"कापू नगा. उद्या गळा बसला तर वरची वळ म्हणाय जमायची न्हाई. झील घोगऱ्या गळ्यानं बी धरता येतीया. माझी जागा ऱ्हाऊ द्या."
आणि गळाच राहिला नाही तर… फोन ठेवला, माउसही.

१३ जाने., मंगळ.
दवाखान्याच्या बाकावर. फाइल कापलेली नाही, पाठवलेलीही नाही. पुण्याचे मिस्ड कॉल. आज मुदत हुकणार, हुकू दे.
गाठ काढली. आवाजाचं काय ते पंधरा-वीस दिवसांनी कळेल. तोवर एक अक्षर बोलायचं नाही.
मंगल आत जाऊन आली. "जागं झाल्यात. सारखी खूण करत्यात, मला बाई उमजंना."
"कसली खूण?"
तिनं दोन्ही पंजे कानांवर दाबून दाखवले, हेडफोन चढवावा तसे.