फॅन बदलला तरी

१८ सप्टेंबर, गुरुवार

पुन्हा नापास! दुसऱ्यांदा. "वाचन उत्तम. मागे सतत आवाज." बस, एवढीच ओळ. ऑडिओबुकवाले तीनच नमुने ऐकतात. तिसरा १ ऑक्टोबरला संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. तोही गेला तर पुस्तक वाचायचं काम दुसरीला.

नोकरी सोडून दीड वर्ष झालं. चेन्नईत माझं मराठी ऐकायला आहे कोण? नवरा मराठी, पण तंजावरकडचा. श्रीवत्स भांडतोसुद्धा तमिळमध्ये! आवाज ही एकच गोष्ट माझी म्हणावी अशी, आणि तिच्यावर हा मेला सीपीयू घुरघुरतोय. गच्चीवरून खाली टाकून द्यावासा वाटतो.

२० सप्टेंबर

सीपीयू उघडला. आई गं! हीटसिंकवर धुळीची गोधडी. रंगाच्या ब्रशने तासभर झाडत बसले.

मग अप्पा आले. माझे सासरे, छत्तीस वर्षं गिंडीच्या औद्योगिक इस्टेटीत लेथवर. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फॅनच्या बुडाला टेकवलं, मूठ कानामागे धरली, डोळे मिटले. "बेअरिंग गेलें," म्हणाले. आख्खं आयुष्य मशीन अशीच तपासली त्यांनी. दुपारी श्रीवत्सने नवा फॅन आणला. अप्पांनी सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापून स्क्रूखाली घातले, म्हणजे पत्रा थरथरायला नको.

खूपच फरक पडला. पण रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकलं, तर खाली एक बारीक शिट्टी आहेच.

२१ सप्टेंबर

शिट्टी आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार

काल फॅनचा वेग बायोसमध्ये जाऊन अर्ध्यावर आणला. शांत! मी खूश. खिडक्या बंद, एसी बंद, छताचा पंखा बंद, घामाने कुर्ता पाठीला चिकटलेला, आणि चौदाव्या मिनिटाला मशीन तापून धप्पकन बंद. सगळं वाचन पाण्यात. रडलेच मी.

अप्पा मागे वेताच्या खुर्चीत बसलेले. रोज बसतात, त्या भट्टीत. देवनागरी त्यांना अडखळत वाचता येते, गोष्ट मात्र ऐकायची असते. खुर्चीही करकरू देत नाहीत, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकून येतात. म्हणून मीही बसू देते. नमुन्यात गोष्ट अर्धीच आहे, बाजारात शेळी हरवते तिथपर्यंत. रोज विचारतात, शेळीचं पुढें काय? पुस्तक घरातच आहे, पण मी म्हणते, काम मिळालं की सांगेन.

"त्याला वारा लागतो, मा," एवढंच म्हणाले, आणि मी वेग परत वाढवला.

२७ सप्टेंबर

प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खरवडून नवी लावली. आता फॅनला कमी फिरावं लागतं. घुरघुर संपली. शिट्टी तशीच! सीपीयू दाराबाहेर ठेवावा तर मॉनिटरची वायर पुरत नाही.

अप्पांनी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं. "मशीन सरी आहे. तींत दोष नाही."

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "अप्पा, तुमच्या कानांचं आता वय झालं."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर फडक्याने पुसला आणि पेटीत ठेवला. जीभ हासडून टाकावी माझी.

३० सप्टेंबर

चार वेळा वाचलं. चारही वेळा शिट्टी. माफी मागायची राहूनच गेली. उद्या शेवटचा दिवस.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ

आयुधपूजा! विसरलेच होते.

उठून बघते तर सीपीयूला गंध, कुंकू, वर शेवंतीची माळ. शेजारी अप्पांचं व्हर्नियर, पाने, तो स्क्रू-ड्रायव्हर. प्लग काढून ठेवलेला. आज हत्याराला हात लावायचा नाही, उद्या दसऱ्याला पुन्हा पूजा करून मगच उचलायचं. छत्तीस वर्षांत हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही म्हणे.

माझी मुदत आज सहाची! मी थयथयाट केला. अप्पा हात जोडूनच उभे. शेवटी श्रीवत्स मध्ये पडला. माइक मोबाइललाही जोडता येतो, आणि मोबाइलला अप्पांनी गंध लावलेलं नाही! बघते.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दुपारी मोबाइलवर एक मिनिट करून पाहिलं. शिट्टी! सीपीयू बंद, माळ घालून गप बसलेला, आणि शिट्टी!

मागे वळले, माइक चालूच ठेवून हेडफोन अप्पांच्या हातात दिला. म्हटलं, चुकले मी, तुमचे कान चांगले आहेत, तुम्हीच ऐका.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. हाताने मला गप्प राहायला सांगितलं. बराच वेळ ऐकलं. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"सरी, मा. मी बाहेर बसतों. आतां वाच."

दार ओढून घेऊन गेले. मी वाचलं. आणि स्वच्छ! शिट्टीचं नाव नाही! पावणेसहाला पाठवलं. काय केलं त्यांनी, देव जाणे. विचारलं तर नुसते हसले, म्हणाले उद्या बोलूं.

२ ऑक्टोबर, दसरा

पास झाले. पुस्तक माझं.

सकाळी आनंदात जुने नमुने लावून ऐकत बसले होते. शिट्टी एकसारखी नाहीच. चढते, थांबते, उतरते. फॅन असा वाजत नाही. माणूस असा श्वास घेतो.

धावत गेले. अप्पा सीपीयूची माळ काढत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "काल दम धरून पाहिला, मा. दम धरला की आवाज बंद. सोडला की सुरू. बेअरिंग माझें गेलें आहे. तुझें काम होईतों गप्प राहिलों."

श्रीवत्स रिक्षा बोलावतोय, हॉस्पिटलला निघालो. पुस्तक पिशवीत टाकलंय. शेळीचं पुढे काय झालं ते त्यांना वाटेत वाचून दाखवते.