पाटीवर क्रेश

१० नोव्हेंबर, मुलुंड
पाळणाघराची पाटी बदलायची ठरली. इराच्या आईचा, सायलीचा आग्रह. "काकू, 'पाळणाघर' नको, 'क्रेश' लिहा. टॉवरमधले लोकही येतील." सुधीरने कागदावरचं स्पेलिंग वाचलं, सी-आर-ई-सी-एच-ई. "क्रीच? किंचाळल्यासारखं वाटतं गं!"
शब्दकोश काढला. शब्द फ्रेंच, इंग्रजीत येऊन राहिलेला. पहिल्या 'ई'वर तिरपी रेघ, कोणी देतं, कोणी नाही. मूळ अर्थ गव्हाण. बरोबरच आहे. दुसऱ्यांची वासरं येतात, खातात, संध्याकाळी घरी जातात. आमचं स्वतःचं नाहीच. हे असं लिहिणं म्हणजे कुढणं का? असेल.

१४ नोव्हें.
पाटी लागली, रेघेसकट. समोरच्या पटेलबेन म्हणाल्या, "वर झुरळ बसलंय की काय?"
संध्याकाळी सायली इराला न्यायला आली. चप्पल न काढता दारातच बोलली. साकीनाक्याला तिच्या ऑफिसातच क्रेश निघालंय. कॅमेरे आहेत, मोबाइलवर पोर दिसतं. सोमवारपासून इरा तिकडे. आठवडाभर बघणार, मग कायमचं ठरवणार.
मी म्हटलं, "छानच की."
आपणही कॅमेरा लावूया का, सुधीरला विचारलं. "मग मी बनियनवर कुठे फिरू?" नंतर हळूच, "कोणासाठी लावायचाय, सांग ना."

१७ नोव्हें.
दुपारी सवयीने इराची गोधडी घातली. बाकीची झोपली तरी उचलली नाही.

१९ नोव्हें.
सायलीचा फोन, रडवेली. "काकू, इरा तिकडे घासच घेत नाहीये. तुम्ही कसं भरवायचात?"
भात मऊ, तूप जास्त, टीव्ही नको, सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही. ती कळली तर इरा तिथे जेवेल, रुळेल. नाही कळली तर… फोन ठेवला. पोर उपाशी, आणि मी हा विचार करतेय!
मीच परत लावला. "सायली, ती आधी आपल्याला एक घास भरवते. आपण खाल्ला की मग जेवते. तिथल्या ताईंना सांग."
आधी 'हो, सांगते' म्हणाली. मग, "मला नाही हो कधी भरवला."
"तिच्या जेवणाच्या वेळी तू ऑफिसात असतेस ना," म्हटलं. धीर द्यायला म्हटलं. टोचलं असेल का?
"काकू, उद्या तिच्या जेवणाच्या वेळी मी…" एवढंच बोलली. तिला तिकडून कोणीतरी हाक मारली.