निळी बशी

शनिवार, कार्तिक वद्य तृतीया. दिवेलागण झाली.

परवा निळी बशी माझ्याच हातून फुटली. सासूबाईंना मात्र सांगितलं, मांजराने पाडली. त्यांच्या सांगण्यावरून भावोजी मांजराला पोत्यात घालून पूर्णगडाला सोडून आले. पूर्णगड म्हणजे माझं माहेर. दोन वर्षं झाली, मला कोणी तिकडे पाठवत नाही. मी तुकडे वेचत राहिले. एका बशीसाठी एवढी भ्याले?

आज मांजर तीन कोस चालत परत आलं, पंजे सोललेले. सासूबाईंनी त्याला दूध घातलं. म्हणाल्या, "बघ गो, मुक्या जनावराला सुद्धा आपलं घर कळतं."

निळ्या बशीचा राहिलेला तुकडा आत्ता चुलीपाशी पायात घुसला. मूर्ख मांजर. मला तिथे सोडलं असतं तर मी परत आले नसते.