फुटवॉल आणि अर्जुनाची साल

४ मार्च
चिंचवडच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण पोरगेलीच. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी फडफडत होतं. म्हणाली, हा तुमच्या हृदयाचा व्हॉल्व्ह, अरुंद झालाय. बदलावा लागेल. छाती उघडून. मी म्हटलं, बघू. साडीच्या दुकानात म्हणतात तसं. तोवर रक्त पातळ करायची गोळी दिली. दर आठवड्याला रक्त तपासा, दुसरं काही मनानं घेऊ नका, म्हणाली.
मी घाबरले नाही. घरी येऊन घासलेली भांडी परत घासली.

५ मार्च
विचार केला. आमच्या विहिरीच्या मोटरीचा फुटवॉल, म्हणजे पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह, गळायचा. आमचे मालक पाइपात शेणकाला ओतायचे. वॉल धरायचा, मोटर पाणी उचलायची. मिस्त्री नाही, उघडाउघडी नाही. माझा गळत नाही, अरुंद आहे, पण तेवढा फरक चालतो.
शेजारची साधना नैसर्गिक गोळ्या विकते. म्हणाली, काकू, हार्टवर जालीम, साइड इफेक्ट झिरो. अर्जुनाची साल, लसणाची कॅप्सूल, जवसाचं तेल, हळदीच्या गोळ्या. सगळं आणलं.
ठरलं. पाडव्यापर्यंत व्हॉल्व्ह ठीक. ऑपरेशन कॅन्सल. घरात कुणाला सांगायचं नाही.

९ मार्च
काढा लई कडू. म्हणजे लागू पडतोय.
जिना चढणं बंद केलं. दम लागतो म्हणून नाही. वर कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात, मालकिणीनं सारखं वर जाणं शोभत नाही. खालूनच ओरडले, मोटर बंद करा रे. ओरडतानाच धाप लागली. पोरं धावत खाली आली, मावशी काय झालं? मोटर बंदच होती.

१५ मार्च, सकाळी
दात घासताना रक्त. दंडावर निळा डाग, कुठं आपटले नाही. साधना म्हणाली, काकू, आतली घाण निघतीय, डोस वाढवा. वाढवला.
रक्त तपासायला गेले नाही. इकडं मी रक्त सुधरवायचं, तिकडं त्यांनी सुईनं काढून घ्यायचं!
सून तेजल तळवड्याला कॉम्प्युटरवर असते. तिनं विचारलं, आई, दंडाला काय झालं? म्हटलं, म्हशीनं ढुसणी दिली. म्हणाली, म्हैस विकून दोन वर्षं झाली. हिला सगळं लक्षात राहतं.

२२ मार्च
आडवं झालं की श्वास पुरत नाही. उशा रचून बसल्या बसल्या झोपते. मालकांना म्हटलं, योगा आहे. त्यांनी आणखी एक उशी आणून दिली.
देवाला म्हटलं, छाती उघडायला लावू नको बाबा, बाकी काय पण कर. मग वाटलं, हे भलतंच मागितलं. लगेच परत घेतलं. त्यानं ऐकलं असेल ना?

३० मार्च, पाडवा
गुढीला साखरेची माळ घालताना नाकातून रक्त. थांबेना. नवी साडी गेली, टॉवेल भिजला. म्हटलं, घाण निघतीय. तेजल ओरडली, आई, गप्प बसा! लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. वरच्या पोरांनी उचलून गाडीत घातलं. आमच्या निघोज्याहून चिंचवडला निघालो आणि हायवेच्या चौकात अडकलो. कंटेनर हलेना. मालक खाली उतरून ट्रकवाल्यांना हात जोडत होते. त्यांना हात जोडताना मी देवळात सुद्धा नीट बघितलं नव्हतं.

१ एप्रिल, दवाखाना
डॉक्टरीण म्हणाली, आणखी काय घेत होता? म्हटलं, काही नाही. तेजलनं साधनाच्या डब्यांची पिशवी पलंगावर ओतली. डॉक्टरीण ओरडली नाही, ते जास्त वाईट. म्हणाली, आधीच रक्त पातळ करायची गोळी, त्यावर हा ढीग, रक्त गोठणार कसं? आणि व्हॉल्व्ह होता तसाच आहे. आता उशीर नको.
मी मालकांना म्हटलं, मग आपला फुटवॉल कसा काय धरायचा हो?
म्हणाले, धरायचा कुठं? रोज सकाळी नव्यानं ओतावं लागायचं. अन् त्याच उन्हाळ्यात मोटर जळली न्हाई का? तवा तूच शिव्या घातल्या, आधीच का न्हाई बदलला म्हणून.
घातल्या होत्या. अख्ख्या वस्तीनं ऐकल्या होत्या.
डॉक्टरीण वाट बघत उभी. बघू म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हटलं, बदला.
ती गेल्यावर मालक म्हणाले, हात सोड, चहा पिऊन येतो.
म्हटलं, चहा इथंच मागवा.